लीड्समधले वाळवण आणि एप्रिलचे आकाश

गवतीचहा (लीड्स)

माझी आई मार्चअखेरीस मिरजेहून इंग्लंडमध्ये लीड्सला आमच्याकडे आली असून ती सप्टेंबरपर्यंत राहणार आहे. येताना तिने सामानात तीन किलो साबुदाणा आणला, कारण चैत्रात पळीपापड घालायचे हा तिचा चाळीस वर्षांचा नेम आहे आणि लेकीच्या घरी आल्यामुळे तो मोडावा असे तिला वाटत नव्हते. मीही तिला अडवले नाही. इथे ऊन कमी असते हे अकरा वर्षांत अंगवळणी पडले आहे, पण वाळवणासाठी दोन दिवस सलग ऊन मिळते का, हे मी कधी पाहिलेच नव्हते, कारण तशी वेळच आली नव्हती.

गेल्या शनिवारी सकाळी सहा वाजता आकाश धुतल्यासारखे निळे होते. आईने रात्री भिजवलेला साबुदाणा शिजवला, दाणा पारदर्शक झाल्यावर जिरे आणि मीठ घातले आणि साडेनवापर्यंत मागच्या अंगणात स्वच्छ प्लास्टिकवर पळीपळीने सव्वाशे पापड घातले. त्याच वेळी मी पलंगपोस आणि टॉवेल धुऊन दोरीवर टाकले. सव्वाअकराला उन्हाचा रंग बदलला, वारा थांबल्यासारखा झाला आणि पुढच्या दहा मिनिटांत गारा सुरू झाल्या. आम्ही दोघींनी प्लास्टिकची चार टोके धरून सारे आत आणले, पण तोवर ओल्या पापडांवर मटारएवढ्या गारांचे खळगे उमटले होते आणि काही खळग्यांत गार तशीच रुतून वितळत होती. बारा वाजता पुन्हा लख्ख ऊन पडले म्हणून सगळे बाहेर नेले. पाऊण वाजता पुन्हा सर आली. संध्याकाळपर्यंत हा प्रकार चार वेळा झाला. निम्मे पापड एकमेकांना चिकटले आणि टाकून द्यावे लागले. टॉवेल तर दोन दिवसांनी रेडिएटरवरच वाळले, आणि त्याची किंमत अशी की खिडकीच्या काचांना आतून पाणी धरले आणि चौकटीच्या कोपऱ्यात पुन्हा काळी बुरशी दिसू लागली.

आईने तक्रारीचा एक शब्द काढला नाही. प्लास्टिक पुसता पुसता तिने एवढेच विचारले, "इथे वसंत ऋतू नेमका कधी असतो गं?" मला उत्तर देता आले नाही आणि ते तेव्हापासून मनाला लागून राहिले आहे. इथे अनेक वर्षे काढलेल्यांना मी मनापासून विचारते आहे की या तीन महिन्यांत तुम्ही घर कसे चालवता, आणि आईला मी काय सांगू?

ओटीवरून (क्रॉयडन)

ताई, तुमच्या आईंचा प्रश्न मला फार जवळचा वाटला, कारण मी गेली काही वर्षे पाडव्याच्या दिवशी हवा कशी होती याची नोंद एका वहीत ठेवतो. हवामान खात्याच्या हिशेबाने इथला वसंत १ मार्च ते ३१ मे असा असतो, आणि गुढीपाडवा नेमका त्याच्या पूर्वार्धात येतो. त्यामुळे ही वही म्हणजे एका अर्थी तुमच्या आईंच्या प्रश्नाचेच उत्तर शोधण्याचा माझा प्रयत्न आहे.

२०१८ साली पाडवा १८ मार्चला होता. त्याआधी १ मार्चच्या सुमारास सायबेरियाकडून आलेल्या थंडीने देशभर बर्फ पाडले होते, आणि ते संपले असे वाटत असतानाच १७ आणि १८ मार्चला पूर्वेचे वारे परत आले. सकाळी मागच्या दारी गुढी उभारली तेव्हा बर्फ भुरभुरत होता आणि गुढीचे जरीचे वस्त्र तासाभरात ओले आणि ताठ झाले. २०२० साली पाडवा २५ मार्चला, म्हणजे टाळेबंदी जाहीर झाल्यानंतर दोनच दिवसांनी आला. तेव्हा आकाशात एक ढग नव्हता, आणि तो संपूर्ण वसंतच इतका उन्हाचा गेला की त्यापूर्वीच्या सगळ्या नोंदी मागे पडल्या. घराबाहेर पडायची मुभा नसताना तसे ऊन मिळाले, याचे वाईट मला अजून वाटते. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला होता. त्याच्या आदल्या दिवशी उपाहारगृहांना बाहेर टेबले मांडायची परवानगी मिळाली होती, आणि त्याच सकाळी लंडनच्या काही भागांत बर्फ पडले. २०२४ साली पाडव्याच्या आदल्या रात्रीपासून पियरिक वादळाचा वारा सुटला होता, म्हणून मी गुढी खिडकीच्या आतल्या बाजूने बांधली. २०२५ साली पाडवा आणि घड्याळे एक तास पुढे करण्याचा रविवार एकाच दिवशी, ३० मार्चला आले. मुहूर्ताची वेळ गाठण्यासाठी घरात धावपळ झाली खरी, पण इंग्लंडमध्ये नोंदी सुरू झाल्यापासून सर्वाधिक सूर्यप्रकाशाचा मार्च तोच होता.

एवढी पाने उलटल्यावर मला दिसते ते असे की एका वर्षाच्या पाडव्यावरून दुसऱ्या वर्षाच्या पाडव्याविषयी काहीच सांगता येत नाही. मिरजेला पाडव्याच्या दिवशी ऊन असेल हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. तिथे ऋतू आपला शब्द पाळतो आणि इथे तो पाळत नाही, आणि त्रास थंडीपेक्षा या बेभरवशाचा अधिक होतो. वहीत चांगले दिवस कमी नाहीत. पण त्यांचा बेत आधी करता आला असे एकदाही झालेले नाही.

धुकटवाट (एडिनबरा)

माझे शिक्षण भौतिकशास्त्राचे आहे आणि इथले आकाश पाहणे हा माझा जुना छंद आहे, म्हणून तुमच्या शनिवारी नेमके काय घडले ते जरा सविस्तर सांगते. सकाळच्या निळ्या आकाशाने तुम्हाला फसवले असे तुम्हाला वाटले असेल, पण खरे पाहता सकाळचे ते स्वच्छ ऊन हीच दुपारच्या गारांची तयारी होती.

एप्रिलमध्ये वायव्येकडून किंवा उत्तरेकडून वारे येतात तेव्हा ती हवा ध्रुवाकडची असते आणि पाच किलोमीटर उंचीवर तिचे तापमान उणे ३० अंशांच्या आसपास असू शकते. खाली मात्र एप्रिलचा सूर्य बराच वर आलेला असतो आणि तो जमीन भराभर तापवतो. खालची हवा ऊबदार आणि वरची अतिशय थंड झाली की खालची हवा वेगाने वर चढते, तिचे ढग होतात, आणि ते वाढत वाढत ऐरणीच्या आकाराचा माथा धरतात. महाराष्ट्रात उन्हाळ्यात पाणी गोठण्याची पातळी जमिनीपासून साडेचार ते पाच किलोमीटर उंचीवर असते, त्यामुळे लहान गारा खाली येईपर्यंत वितळून जातात आणि मोठ्या वादळातल्या मोठ्या गाराच तेवढ्या आपल्यापर्यंत पोहोचतात. इथे अशा दिवशी ती पातळी एक किलोमीटरच्याही खाली असते. त्यामुळे साधी सरसुद्धा गारा घेऊनच येते. सर गेली की ढगामागची हवा स्वच्छ असते, पुन्हा ऊन पडते, पुन्हा जमीन तापते आणि पुढचा ढग तयार होऊ लागतो. तुमचे पापड चार वेळा आतबाहेर झाले ते यामुळे.

आता मुळात हे रोज का बदलते? ही बेटे ५० ते ६० अंश अक्षांशांच्या दरम्यान, एकीकडे अटलांटिक महासागर आणि दुसरीकडे युरोपची मोठी भूमी अशा जागी आहेत. उंचावरून वाहणारा जोरकस वारा, ज्याला जेट प्रवाह म्हणतात, तो जरा उत्तरेला सरकला की आपण दक्षिणेच्या ऊबदार हवेत असतो आणि जरा दक्षिणेला सरकला की ध्रुवाच्या हवेत. आपल्या मोसमी पावसामागे खंड आणि महासागर यांच्यातला महिनोन्‌महिने टिकणारा फरक असतो, म्हणून तो एकदा आला की चार महिने मुक्कामाला असतो. इथे कारभार वाऱ्याच्या दिशेवर चालतो, आणि ती दिशा चार दिवसांत चारदा बदलू शकते.

पूर्व किनाऱ्याची आमची कथा आणखी वेगळी आहे. समुद्र सर्वांत थंड असतो तो जानेवारीत नव्हे, तर फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये, आणि त्यानंतर तो फार सावकाश ऊबदार होतो. एप्रिल-मे महिन्यांत पूर्वेचा वारा सुटला की ऊबदार हवा या थंड पाण्यावरून येताना धुक्यात बदलते. स्कॉटलंडमध्ये त्या धुक्याला 'हार' म्हणतात. शब्द मराठी कानाला फुलांची आठवण करून देतो, पण अनुभव वेगळा आहे. ग्लासगोमध्ये लोक बिनकोटाचे फिरत असतात आणि त्याच दुपारी आमच्याकडे नऊ अंश तापमानात समोरची इमारत दिसत नाही.

तुम्हाला उपयोगी पडेल असे एक निरीक्षण सांगते. अशा सरींच्या दिवशी साडेदहाच्या सुमारास बाहेर उभे राहून ढगांच्या उंचीकडे पाहावे. कापसाच्या पुंजक्यांसारखे ढग पसरट आणि आखूड राहिले तर दिवस बहुधा कोरडा जातो. ते फुलकोबीसारखे वर वाढू लागले असतील, तर वाळवण पसरू नये.

कोवळे_ऊन (कार्डिफ)

धुकटवाट, तुम्ही छान समजावून सांगितलेत, पण मला दोन गोष्टींचा खरोखर राग येतो आणि त्या विचारल्यावाचून राहवत नाही. पहिली म्हणजे फोनवरचा अंदाज. '३० टक्के पाऊस' असे लिहिलेले असते आणि मी भिजते. दुसरी म्हणजे २०२४ चा वसंत नोंदींतला तोपर्यंतचा सर्वांत ऊबदार वसंत होता, असे जाहीर झाले. त्या वसंतात मी मे महिन्यातही पावसाळी कोट काढला नव्हता आणि अंगणातली हिरवळ चिखल झाली होती. तो ऊबदार कसा म्हणायचा?

धुकटवाट (एडिनबरा)

३० टक्के याचा अर्थ असा की आजच्यासारखी परिस्थिती दहा वेळा आली तर तीन वेळा तुमच्या ठिकाणी पाऊस पडेल. म्हणजे दहातल्या तीन दिवशी भिजणे हे त्या अंदाजातच धरलेले आहे. सरी कोणत्या गावावर पडतील हे आदल्या दिवशी सांगता येत नाही, कारण एखादी सर पाच-सात किलोमीटर रुंद असते आणि ती उगम पावून विरून जायला तासभर पुरतो. त्यामुळे अशा दिवशी टक्क्यांपेक्षा पावसाच्या रडारचे चित्र पाहणे चांगले, कारण त्यात पुढच्या तासाभरातली सर कोणत्या बाजूने सरकते आहे ते दिसते. अंदाजावर चिडणे इथे तसे जुनेच आहे. १ ऑगस्ट १८६१ रोजी 'द टाइम्स'मध्ये सर्वसामान्यांसाठीचा पहिला अंदाज छापून आला, तो हवामान खात्याचे संस्थापक रॉबर्ट फिट्झरॉय यांचा होता. अंदाज चुकला की त्यांच्यावर टीका होई. त्यांच्या वादळाच्या सूचनांवर मात्र मच्छीमारांचा विश्वास होता. त्या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

२०२४ विषयी तुमचा अनुभव आणि ती नोंद, दोन्ही खरे आहेत. सरासरी काढताना रात्रीचे तापमानही धरले जाते. त्या वसंतात आकाश सतत ढगाळ होते, त्यामुळे रात्री थंड झाल्या नाहीत आणि सरासरी वर गेली, पण दिवसा ऊन मिळाले नाही. आपल्याला वसंत जाणवतो तो दुपारी अंगावर पडणाऱ्या उन्हातून. ते नसले की आकडा काहीही सांगो, मन मानत नाही.

अर्धा_वाफा (लेस्टर)

गारांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी मूळचा निफाड तालुक्यातला. आमच्याकडे द्राक्षे आहेत आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मी गावी असताना पाहिली आहे. गार हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे फाटलेली पाने आणि मातीत पडलेले घड येतात. इथे पहिल्यांदा एप्रिलमध्ये गारा पडल्या तेव्हा कार्यालयातले सगळे जण खिडकीशी जमून कौतुकाने पाहत होते आणि मी मात्र नकळत उठून उभा राहिलो होतो. इथल्या बहुतेक गारा लहान असतात आणि त्यांनी फारसे बिघडत नाही, हे कळायला मला काही वर्षे लागली.

इथले खरे संकट दहिवराचे, तेही रात्री तापमान शून्याखाली गेल्यावर गोठणाऱ्या दहिवराचे आहे. सहा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर नगरपालिकेकडून मला भाड्याने जमिनीचा अर्धा तुकडा मिळाला. ज्याला इथे 'अलॉटमेंट' म्हणतात त्यातला तो अर्धा वाफा, आणि तेच मी या चर्चेत माझे नाव घेतले आहे. पहिल्याच वर्षी, म्हणजे २०२१ साली, मार्चअखेरीस अतिशय ऊबदार दिवस आले. मी उत्साहाने बटाटे लावले, घरात खिडकीत वाढवलेली टोमॅटोची आणि दुधी भोपळ्याची रोपे बाहेर काढली. त्यानंतर आलेला एप्रिल हा देशातला साठ वर्षांतला सर्वाधिक गोठवणाऱ्या रात्रींचा एप्रिल ठरला. एका सकाळी गेलो तेव्हा रोपे उभी होती, पण पाने शिजवलेल्या पालकासारखी काळपट हिरवी आणि पारदर्शक झाली होती. हात लावला तर ती बोटांना चिकटून आली. शेजारच्या वाफ्यातले आजोबा कुंपणापाशी आले आणि त्यांनी मला झुडपे दाखवली. पाने येण्याआधीच पांढऱ्या फुलांनी भरून जाते ते ब्लॅकथॉर्न, आणि ते फुलले की थंडी एकदा तरी परतून येते, म्हणून त्या थंडीला त्याच झुडपाच्या नावाने 'ब्लॅकथॉर्नचा हिवाळा' म्हणतात. पाने आल्यानंतर फुलते ते हॉथॉर्न, ज्याला 'मे' असेही नाव आहे. 'मे सरेपर्यंत अंगावरची चिंधीही काढू नये' अशा अर्थाची इथली जुनी म्हण आहे. तो मे महिना की मेचे फूल, यावर इथल्या लोकांतही एकमत नाही, पण मी आता फूल धरून चालतो. ते फुलल्याशिवाय टोमॅटो बाहेर जात नाहीत. मेथी आणि कोथिंबीर मात्र मार्चमध्येच पेरतो. त्यांना ही थंड हवा मानवते, उलट जूनच्या उन्हात कोथिंबीर लगेच फुलावर येते.

ओटीवरून यांच्या एका मुद्द्यावर मात्र माझे थोडे वेगळे मत आहे. २०२५ चा वसंत उन्हाचा गेला हे खरे, तो देशातला नोंदींतला सर्वाधिक सूर्यप्रकाशाचा आणि सर्वांत ऊबदार वसंत होता, आणि माझ्याही घरात सगळे आनंदात होते. पण वाफ्यात खुरपे जात नव्हते. पेरलेले गाजर उगवले नाही, मे महिन्यातच इंग्लंडच्या वायव्य भागात दुष्काळ जाहीर झाला, आणि जुलैत यॉर्कशरमध्ये नळीने झाडांना पाणी घालण्यावर बंदी आली. गवतीचहा ताई, ती तुमच्याकडचीच गोष्ट आहे. एप्रिलची सर वाळवण भिजवते तेव्हा वाईट वाटते हे मी समजू शकतो, पण ती आली नाही तर इथला शेतकरी निफाडच्या शेतकऱ्यासारखाच आकाशाकडे पाहत बसतो. मला ती सर नको असे म्हणवत नाही.

ओटीवरून (क्रॉयडन)

अर्धा वाफा, तुमचे म्हणणे मला पटले. वहीत मी फक्त गुढीच्या बाजूने विचार केला होता. पाण्याच्या अंगाने पाहता आणखी एक गोष्ट लिहावीशी वाटते. लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पुण्याला ७०० च्या वर. पुण्याच्या नातेवाइकांना हे सांगितले तर त्यांचा विश्वास बसत नाही. फरक असा की पुण्याचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि लंडनचा वर्षभर थोडाथोडा वाटला जातो, त्यामुळे कोणताच महिना निर्धास्त जात नाही.

दप्तरवाली (मँचेस्टर)

माझा प्रश्न अगदी घरगुती आहे. सकाळी पावणेनऊला मुलांना शाळेत सोडताना तीन अंश असतात आणि सव्वातीनला आणायला जाते तेव्हा सतरा. मुलगा कोट शाळेत विसरतो, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीन अंश असतात. या वसंतात दोन कोट हरवले आणि तिसरा घ्यावा लागला. शिवाय मार्चअखेरीस बर्च झाडांचे परागकण सुरू झाले की धाकटीचे डोळे लाल होतात. ज्या कोरड्या, वाऱ्याच्या, उन्हाच्या दिवसाची आम्ही वाट पाहतो त्याच दिवशी तिला सर्वांत जास्त त्रास होतो, आणि तिला खिडकीतून बाहेर पाहत बसवताना जीव तुटतो. कोणाकडे यावर मार्ग असेल तर जरूर सांगा.

कोवळे_ऊन (कार्डिफ)

दप्तरवाली, मी रुग्णालयात परिचारिका आहे, म्हणून एवढे नक्की सांगते की औषध त्रास सुरू झाल्यावर देण्यापेक्षा हंगामाच्या थोडे आधीपासून नियमित दिले तर जास्त उपयोग होतो. औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना तिचे वय सांगून विचारा. बाहेरून आल्यावर तिचे केस आणि चेहरा धुवा, आणि त्या दिवसांत तिचे कपडे व उशीचे अभ्रे बाहेर दोरीवर वाळत घालू नका, कारण पराग कापडावर बसतात.

आधी मी रागाने लिहिले होते, आता दुसरी बाजूही लिहिते. मी रात्रपाळी करते. डिसेंबरमध्ये अंधारात कामाला जाते आणि अंधारातच घरी येते, आणि त्या दिवसांत मनावर जे मळभ येते ते सांगण्यासारखे नाही. मग फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी पाळी संपवून बाहेर पडते तेव्हा वाहनतळाच्या कडेची झाडे दिसू लागलेली असतात. एप्रिलमध्ये पहाटेच पक्षी बोलू लागतात आणि मेच्या अखेरीस पाच वाजता सूर्य वर आलेला असतो. हवा कशीही असो, हा प्रकाश मात्र ठरल्या वेळी येतो. बदलत्या हवेत भरवशाचे असे एवढेच आहे, आणि मी वर्षातले तीन महिने त्याच्या आशेवर काढते. माझ्या आईला मी पुढच्या वर्षी मेमध्येच बोलावणार आहे.

चौथी_स्लिप (डर्बी)

इथे क्रिकेटचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या जवळच बक्सटन नावाचे उंचावरचे गाव आहे. २ जून १९७५ रोजी तिथे डर्बीशर आणि लँकेशर यांच्या सामन्याचा खेळ मैदानावर बर्फ पडल्यामुळे थांबवावा लागला होता. पंच डिकी बर्ड होते. शनिवारी त्याच मैदानावर क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद १६७ धावा केल्या होत्या, आणि सोमवारी बर्फ. त्यानंतर पाचच दिवसांनी, ७ जूनला, लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाचा पहिला सामना झाला. तोच तो सामना, ज्यात सुनील गावसकर १७४ चेंडूंत ३६ धावांवर नाबाद राहिले. मराठी माणसाला त्या ३६ धावा पाठ असतात, पण त्याच आठवड्यात या देशात बर्फ पडले होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. आमच्या क्लबातले ज्येष्ठ खेळाडू आजही जूनचा पहिला आठवडा उलटल्याशिवाय लोकरीचा स्वेटर घरी ठेवत नाहीत.

गवतीचहा (लीड्स)

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. सर्वांचे मनापासून आभार. मी तुमची प्रत्येकाची नोंद आईला वाचून दाखवली. धुकटवाट यांचे ढगांविषयीचे लेखन तिने दोनदा वाचायला लावले आणि दुसऱ्या दिवसापासून साडेदहा वाजता शाल घेऊन मागच्या दारी उभी राहू लागली. तीन दिवस तिने "आज नको" असे सांगितले आणि तिन्ही दिवशी दुपारी सरी आल्या. अर्धा वाफा यांच्या गारपिटीविषयी वाचल्यावर मात्र ती बराच वेळ गप्प होती. आमच्या शेजाऱ्यांच्या कुंपणात हॉथॉर्नचे झुडूप आहे, तेही तिने हेरून ठेवले.

घरातही काही बदल केले. ओले कपडे रेडिएटरवर टाकणे बंद केले आणि हवेतले पाणी खेचून घेणारे छोटे यंत्र घेतले. एका बंद खोलीत कपडे आणि ते यंत्र ठेवले की रात्रभरात टॉवेल वाळतात आणि यंत्राच्या भांड्यात दीड-दोन लिटर पाणी जमते. एवढे पाणी इतके दिवस आमच्या भिंतींत जात होते. काळी बुरशी पुसून काढली, ती अजून परत आलेली नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी आई म्हणाली, "आज ढग बसके आहेत, साबुदाणा शिजव." या वेळी ऐंशीच पापड घातले. दक्षिणेकडून मंद वारा होता. दुपारी दोन वाजता पापडांच्या कडा सुटून वर वळू लागल्या. संध्याकाळी मी कामावरून आले, जेवणे झाली, आवराआवर झाली, आणि तरी अंगणाच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागात ऊन होते. आठ वाजता आईने प्लास्टिक त्या बाजूला ओढून घेतले आणि खाली बसून एकेक पापड नखाने सोडवून उलटा केला. वरची बाजू खडखडीत वाळली होती, खालची अजून दमट होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे डब्यात भरले. त्यांतले चार तळून पाहिले, ते पांढरेशुभ्र फुलले.

उलटून झाल्यावर हात पुसत तिने मिरजेला मावशीला फोन लावला. तिकडे रात्रीचे पाऊण वाजून गेले होते हे तिच्या लक्षात आले नाही. मावशी घाबरून उठली आणि काय झाले म्हणून विचारू लागली, तेव्हा आई म्हणाली, "काही नाही गं, रात्रीचे सव्वाआठ झालेत आणि मी उन्हात पापड उलटतेय."